हातचा राखलेला दिवस

९ फेब्रुवारी, सोमवार

हेडक्लार्क साहेबांना नमस्कार.

आज सकाळी नऊ वाजता माझ्या भावाला निरोप दिला. छावणीच्या मागच्या मैदानावर चारशे-साडेचारशे माणसं असतील. थंडी होती, वारा नव्हता. मी मागच्या रांगेत उभी होते. तोफा झाल्या, बिगुल झाला. साडेदहाच्या बसने घरी आले. जेवले नाही. चहा दोनदा घेतला.

मैदानावर तुम्ही माझ्यापाशी येऊन "तुम्ही साहेबांच्या ताई ना?" असं विचारलंत. गेल्या एकवीस वर्षांत मला या नात्याने कोणी विचारलेलं नाही. कसं ओळखलंत म्हटल्यावर म्हणालात, "कानांवरून." आमच्या घरात सगळ्यांचे कान तसेच, बशीसारखे. काही लागलं तर लिहा, असं सांगून तुम्ही पत्ता दिलात, म्हणून लिहिते आहे. मला फोनवर बोलणं जमत नाही.

भाऊ कसा गेला ते मला वर्तमानपत्रातून कळलं. फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच राहिला. तो बहात्तरचा, मी पंचाहत्तरची. माझ्याआधी जायचं त्याला काही कारण नव्हतं. परवापासून मी कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते आठवत नाही.

आता कामाचं. रेजिमेंटचे एक कर्नल त्याच्यावर स्मरणिका काढणार आहेत. त्याने लग्न केलं नाही, आईवडील कधीच गेले. तेव्हा 'बालपण आणि कुटुंब' यावर दोन पानं मीच लिहावीत, असं त्यांनी मैदानावरच सांगितलं. मी लिहीन म्हटलं.

माझा मुलगा सैन्यात होता. घरात त्याला खारू म्हणायचे. चोविसाव्या वर्षी त्याला डोंगरावरच्या ठाण्यावर सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. त्या सगळ्या भागाचा प्रमुख तेव्हा माझा भाऊच होता. मुदतीचे अठरा दिवस उरले असताना खारूचं पत्र आलं की बोटं पांढरी पडली आहेत आणि डॉक्टरला दाखवलेली नाहीत. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, काही मागायचं असेल तर लेखी पाठव. तोंडी मी कोणाचंच ऐकत नाही." मी लेखी पाठवलं. तीन ओळींचं छापील उत्तर आलं: नातेवाइकांच्या अर्जांचा विचार केला जात नाही, कळावे. खाली तुमची सही. उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खारूचा ट्रक दरीत गेल्याचं कळलं.

स्मरणिकेत मी शेवटी एक वाक्य लिहिणार आहे. 'त्याने नियमासाठी स्वतःच्या भाच्यालाही सवलत दिली नाही.' वाचणाऱ्यांना ती स्तुती वाटेल. वाटू दे. मला मात्र ती स्तुती म्हणून लिहायची नाही.

त्याआधी तुमच्याकडून एकच हवं आहे. माझं पत्र त्याने स्वतः वाचलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.

जनरलची बहीण


१७ फेब्रुवारी

बाईसाहेब, नमस्कार.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण पहिले चार मसुदे मी फाडले. आयुष्यभर दुसऱ्याचं बोलणं टाइप केलं, स्वतःचं लिहायला बसलं की हात आखडतो.

साहेबांबरोबर मी सव्वीस वर्षं होतो. ते मेजर होते तेव्हा मला त्यांच्याकडे पाठवलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'टाचणी' ठेवलं. मी कागद सुटा ठेवत नाही म्हणून. म्हणायचे, "टाचणी, तू वर गेलास की तिथल्या दारवानाकडूनही पोचपावती घेशील." पुढे तीच ओळख झाली. माझी बायकोसुद्धा रागावली की मला टाचणी म्हणते.

स्मरणिकेसाठी तुम्हाला उपयोगी पडेल असं काही सांगतो. कॅप्टन असताना एक पूल त्यांनी चाळीस माणसांनिशी पाच दिवस धरून ठेवला, ते सगळ्यांना माहीत आहे. गुडघ्याची जखम तिथलीच. माहीत नाही ते असं, की त्याबद्दल पदक मिळाल्यावर त्यांनी त्या चाळीसही जणांच्या घरी स्वतः जाऊन जेवण घेतलं. सात महिने लागले. ब्रिगेडियर झाले तेव्हा पहिला हुकूम काढला की अधिकाऱ्याने स्वतःची पेटी स्वतः उचलायची. एक लठ्ठ कर्नल म्हणाले, "सर, माझी कंबर." साहेब म्हणाले, "मग पेटी लहान करा." जनरल झाल्यावरही शिपायांच्या रांगेत शेवटी उभे राहून जेवायचे. आणि नदी ओलांडायची होती त्या साली हवामान खात्याचा कागद समोर असताना म्हणाले, "हा राहू दे. ताईला फोन लावा." तुम्ही वेधशाळेत होता हे मला तेव्हा कळलं. तुम्ही सांगितलं पहाटेपर्यंत पाणी चढणार नाही, आणि साहेबांनी दोन हजार माणसं पार नेली. चढलं नाही.

आता तुमचा प्रश्न. नातेवाइकांच्या अर्जांबद्दल साहेबांचा कायमचा हुकूम होता. टपाल मी फोडायचं. त्यात घरच्या कोणी काही मागितलेलं असेल तर छापील चिठ्ठी भरायची, सही करायची आणि मूळ पत्र चिठ्ठीला टाचून परत पाठवायचं. साहेबांच्या टेबलावर तो कागद जायचाच नाही. तुमच्या मावसभावाने कोळशाच्या ठेक्यासाठी लिहिलं होतं, त्यांचंही असंच परत गेलं.

तेव्हा उत्तर 'नाही' असं आहे. साहेबांनी वाचलं नाही. मी परस्पर चिठ्ठी पाठवली. जो काही दोष असेल तो या टाचणीचा. ते वाक्य लिहू नका, एवढी विनंती. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

आपला,
टाचणी


२३ फेब्रुवारी

हेडक्लार्क साहेब,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चाळीस घरी जेवणाचं मला माहीत नव्हतं. लहानपणी त्याला परक्याच्या घरचं अन्न घशाखाली उतरायचं नाही.

मावसभावाचं पत्र परत आलं होतं ते मला चांगलं आठवतं. त्याने ते टाचणीसकट सगळ्यांना दाखवलं होतं. "घरचा जनरल आणि मला पिन टोचतो," म्हणून महिनाभर फुगून बसला होता.

माझं पत्र परत आलं नाही.

नुसती चिठ्ठी आली. तिच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आहेत, म्हणजे काहीतरी टाचलेलं होतं आणि काढून घेतलं. सदतीस वर्षं मी नोंदवह्यांत आकडे भरले आहेत. रकाना रिकामा दिसला की मला तिथून पुढे जाता येत नाही.

तुम्ही कागद सुटा ठेवत नाही असं तुम्हीच लिहिलंत. मग माझं पत्र कुठे आहे?

आणि बाईसाहेब म्हणू नका. मी कोणाची साहेब नव्हते.


८ मार्च

ताई,

आठ दिवस दाढ सुजली होती, हे खरं आहे, पण उशीर त्यामुळे झाला नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुमचं पत्र साहेबांनी वाचलं होतं. चिठ्ठी भरून, तुमचं पत्र तिला टाचून मी जावकीच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. साहेब खोलीत आले. तुमचं अक्षर ओळखून म्हणाले, "ताईचं? हवामानाचं असेल," आणि उचललं. उभ्याउभ्याच वाचलं. मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं. पत्र काढून घेतलं आणि म्हणाले, "चिठ्ठी जाऊ दे."

याच्यापुढचं मला विचारू नका. साहेबांनी माझ्याकडून शब्द घेतला आहे, आणि शब्द घेणारा गेला म्हणून शब्द जात नाही. झाकली मूठ झाकलेली राहू द्या. तुमच्या वयाला आणि माझ्याही वयाला आता ती उघडून काय मिळायचं?

माझी बायको म्हणते, ताईंना एकदा घरी बोलवा. याल का? आमच्याकडे जिना नाही.

टाचणी


१२ मार्च

हेडक्लार्क साहेब,

खरं सांगितल्याबद्दल आभार. जे हवं होतं ते मिळालं. त्याने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि चिठ्ठी जाऊ दे म्हणाला. मी इतकी वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात धरून होते की कदाचित त्याला पत्र मिळालंच नसेल. आता तो कोपराही गेला.

दोन पानं लिहून तयार आहेत. पंचवीस तारखेला कर्नलकडे पाठवणार. वाक्य तेच आहे.

ज्या दिवशी तो माझ्या दारात आला होता तो दिवस तुम्हाला सांगते, म्हणजे मी असं का करते आहे ते तुम्हाला कळेल. खारूला जाऊन पंधरा दिवस झाले होते. तो गणवेशात आला, टोपी हातात. मी दार अर्धंच उघडलं. विचारलं, "माझं पत्र वाचलं होतंस?" त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. मी म्हटलं, "ढब्बू, हो की नाही?" लहानपणी तो गोल होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे, आणि त्या नावाने हाक मारली की तो कधी खोटं बोलला नव्हता. त्या दिवशीही खोटं बोलला नाही. नुसता उभा राहिला. मी दार लावलं. तो बराच वेळ बाहेर होता. जिना उतरल्याचा आवाज पुष्कळ उशिराने आला.

त्यानंतर त्याच्याकडून आलेलं पाकीट मी कधी उघडलं नाही. सर्वांत वरचं पद त्याच्या हातून गेलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवते.

आणखी एक, उत्तर देऊ नका. खारू रेशन आणायला खाली निघाला होता असं मला सांगितलं. महिन्याने त्याची पेटी आली. तिचा एक कोपरा चेपलेला होता. रेशन आणायला जाताना कोणी पेटी नेतं का, असं मी पेटी घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मागाहून भरून पाठवली. ठाण्यावर ठेवलेल्या पेटीचा कोपरा कसा चेपतो, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.


१६ मार्च

ताई,

शब्द मोडतो आहे. ते वाक्य छापून आलं तर मला या जन्मी झोप नाही. आणि पेटीपर्यंत तुम्ही पोचलाच आहात. आता मी गप्प बसलो तर तुम्ही त्या कोपऱ्याला धरून एकट्याच पुढे जाल, ते अधिक वाईट.

सोबत चार कागद आहेत. साहेबांनी स्वतः क्रमाने लावून मला टाचायला दिले होते. एकवीस वर्षं माझ्या कपाटात आहेत.

पहिला कागद तुमचं पत्र. त्यात एका ओळीखाली साहेबांच्या पेन्सिलीची रेघ आहे. तुम्ही लिहिलं होतं, 'दहा ते तेरा आकाश निरभ्र आहे. त्यानंतर मोठी हिमवृष्टी होऊन रस्ता महिनाभर बंद होईल. आणायचं तर त्याला या चार दिवसांत खाली आण.'

साहेबांनी नाही म्हटलं नाही, ताई. त्यांनी हो म्हटलं. सव्वीस वर्षांत एकदाच.

त्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून म्हणाले, "टाचणी, चिठ्ठी जाऊ दे. नियम सगळ्यांना आहे, ताईलाही. पण पोराला खाली आणायचं. घरी आला की तिला कळेलच." मग हुकूम सांगितला, "अमुक लेफ्टनंटला तेरा तारखेपर्यंत पायथ्याच्या छावणीत हजर करावं. त्याच्या जागी दुसरा पाठवावा."

दुसरा कागद तो हुकूम. तारीख बघा. 'बारा तारखेच्या संध्याकाळपर्यंत.' तेरा म्हटलं होतं साहेबांनी, बारा टाइप केलं मी. वरून आलेली मुदत खाली कळवताना एक दिवस आधीची कळवायची, ही आमची वहिवाट. खालचे लोक उशीर करणारच, म्हणून आपण हातचा राखायचा. मला कोणी शिकवलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. सही करताना साहेबांनी पाहिलं असेल, नसेल. माझ्या टाइप केलेल्या कागदावर ते डोळे मिटून सही करायचे.

तिसरा कागद मधल्या मुख्यालयाचा. त्यांनी लिहिलं, 'बारा तारखेच्या दुपारपर्यंत.' जनरलच्या सहीचा हुकूम, आपल्याकडून उशीर नको.

चौथा कागद ठाण्याच्या प्रमुखाची नोंद. त्या रस्त्यावर सकाळी दहाच्या आत गाडी सोडायची नाही असा नियम होता, ऊन येऊन रस्त्यावरचा बर्फ सुटेपर्यंत. हुकूम ठाण्यावर पोचला तो अकरा तारखेच्या रात्री, आणि दहाला निघून दुपारपर्यंत पायथा गाठता येत नाही. म्हणून त्याने लिहिलं आहे, 'वरिष्ठांच्या तातडीमुळे बारा तारखेस सकाळी सहा वाजता गाडी रवाना.' ट्रक तिसऱ्या वळणावर घसरला. खारू पेटी घेऊन घरी निघाला होता.

हे कागद जमले तेव्हा साहेबांनी ते टेबलावर ओळीने मांडले. मी समोर उभा होतो. म्हटलं, "साहेब, बारा मी घातलं." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "कोणी वाईट केलं नाही रे. प्रत्येकाने चांगलंच केलं." मला त्यांनी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

अपघाताच्या चौकशीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक पान जोडलं, की भाच्याची बदली मुदतीआधी मी केली आणि ती नात्यामुळे केली. तुमच्या पत्राचा त्यात उल्लेख नाही. सर्वांत वरच्या पदासाठी त्यांचं नाव पहिलं होतं. त्यांनी लिहून दिलं की माझा विचार करू नये. बाहेर लोक राजकारण राजकारण म्हणत राहिले. ते पद कोणी हिरावलं नाही, ताई. तुम्हाला बरं वाटलं असं लिहिलंत म्हणून सांगतो, टोचायला नाही.

ते तुमच्या दारात आले तेव्हा मी खाली गाडीत होतो. वर पाऊण तास होते. येऊन बसले, टोपी मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "साहेब, सांगितलंत?" म्हणाले, "नाही." म्हटलं, "मग त्या तुमच्यावर धरतील." म्हणाले, "तिला राग धरायला कोणीतरी लागणार. माझ्यावर धरू दे, मी दणकट आहे." गाडी पुलावर आल्यावर आणखी एक बोलले. "टाचणी, तेरा ही तारीखसुद्धा ताईने हातचा राखूनच दिली असणार. मी तिला ओळखतो. हे तिला कधी कळता कामा नये." याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आजही नीट लागलेला नाही. फक्त शब्द दिला आणि एकवीस वर्षं पाळला.

पहिला दिवस मी कापला, ताई. काय म्हणायचं ते मला म्हणा.

टाचणी


२० एप्रिल, सोमवार

टाचणीसाहेब,

तुमचं पाकीट येऊन महिना झाला. मधे तुमची दोन कार्डं आली, तीही मिळाली. माझी तब्येत बरी आहे.

त्या दिवशी काय झालं ते मला सलग सांगता येत नाही. चौथा कागद वाचून झाला तेव्हा सकाळचे अकरा होते. पुन्हा घड्याळ पाहिलं तेव्हा चार वाजून गेले होते आणि मी एका पायात चप्पल घालून स्वयंपाकघरात उभी होते. कुठे निघाले होते माहीत नाही. शेजारीण दार वाजवून गेली असं नंतर म्हणाली, मला ऐकू आलं नाही. दोनदा फोनपाशी गेले. त्याचा नंबर मला अजून पाठ आहे. पूर्वी रोज संध्याकाळी तो लावायचा, "ताई, उद्या?" एवढंच विचारायचा, मी आकाश सांगायचे, तो ठेवून द्यायचा. पन्नाशी उलटलेला जनरल, पण मी टोपी घाल म्हटलं तर घालायचा.

चौथ्या दिवशी वेधशाळेत गेले. मला ओळखणारं तिथे कोणी उरलेलं नाही. जुन्या नोंदवह्या बघायच्या आहेत म्हटल्यावर तिथल्या मुलीने मला खुर्ची दिली आणि "आजी, सावकाश बघा" म्हणाली. त्या जानेवारीची वही काढली. अक्षर माझंच.

भावाने गाडीत जे म्हटलं त्याचा अर्थ तुम्हाला लागला नाही असं तुम्ही लिहिलंत. मला पहिल्या वाचनातच लागला होता. वही फक्त खात्री करायला काढली.

माझ्या नकाशावर आकाश चौदापर्यंत निरभ्र होतं. मी भावाला तेरा लिहिलं. आमच्या कामात असंच करतात. पाऊस यायचा असेल त्याच्या तासभर आधी सांगायचा, वादळ यायचं असेल त्याच्या दिवसभर आधी. छत्री लवकर उघडल्याने कोणी मरत नाही, असं मी नव्या निरीक्षकांना पहिल्याच दिवशी सांगायचे. ते हसायचे. प्रत्यक्षात बर्फ सोळा तारखेला पडला. तीही नोंद माझ्याच हातची आहे.

दुसरं त्याहून वाईट आहे. निरभ्र आकाश म्हणजे चांगलं हवामान, असं मी पत्रात लिहिल्यासारखं झालं. मला माहीत होतं की त्या दिवसांत दुपारच्या उन्हाने वरचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर उतरतं आणि उघड्या आकाशाखाली गोठून सकाळी त्याची काच होते. ढग असते तर रस्ता इतका गोठला नसता. हे मी फळ्यावर काढून शिकवलं आहे. पत्र लिहिताना मला फक्त बर्फ पडण्याची भीती वाटत होती. गोठण्याबद्दल एक ओळ लिहिली असती तर भावाने ती हुकुमात घातली असती. माझं तो जसंच्या तसं घ्यायचा.

तुम्ही लिहिलंत की पहिला दिवस तुम्ही कापलात. तसं नाही. पहिला मी कापला. तुमचा दुसरा. मधल्या कचेरीने अर्धा, ठाण्याने सकाळ. या सगळ्या ओळीत एकानेच काही कापलं नाही. मी तेरा लिहिलं, त्याने तेरा म्हटलं.

तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, असं लिहिलंत. मला काही म्हणायचं नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत की वाईट, हेही मला ठरवता येत नाही. एकवीस वर्षं माझ्याकडे राग होता. तो धरून मी उठत होते, नोकरीवर जात होते, निवृत्त झाले. आता सकाळी उठल्यावर हात रिकामा लागतो.

पाऊण तास तो दाराबाहेर उभा होता. मी आतल्या बाजूला होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी दारापासून हलले नव्हते.

कर्नलना पंचवीस मार्चला काही पाठवलं नाही. त्यांचे तीन फोन आले. परवा पानं दिली. बालपण लिहिलं आहे, त्याला पोहायला कसं शिकवलं ते लिहिलं आहे. आधीचं वाक्य काढलं. शेवटी आता असं आहे: 'त्याचा भाचा सैन्यात होता. त्याला लवकर खाली आणावं असं मी भावाला लिहिलं. भावाने नियम मोडून त्याला खाली बोलावलं. तारीख मी दिली होती. मुलगा त्या प्रवासात गेला. भावाने ही गोष्ट स्वतःच्या नावावर घेतली आणि मला कळू दिली नाही. मी त्याच्याशी एकवीस वर्षं बोलले नाही.'

कर्नलनी काल पुन्हा फोन केला. म्हणाले, "ताई, हे असं छापायचं? साहेबांनी नियम मोडला असं लोक वाचतील."

मी म्हटलं, "त्याने ते चौकशीत स्वतः लिहून दिलं आहे."

"पण तुमच्याबद्दलही..."

"ते मी लिहून दिलं आहे."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तारीख मी दिली होती, हे वाक्य तरी काढू या का? त्याचा अर्थ कोणाला लागणार नाही."

मी म्हटलं, "राहू दे."

तुमचं नाव कुठे घातलेलं नाही. मधल्या कचेरीचं आणि ठाण्याचंही नाही. तिसरा आणि चौथा कागद या पत्रासोबत परत करते. माझं पत्र आणि तुम्ही टाइप केलेला हुकूम माझ्याकडे ठेवते, तुमची हरकत नसेल तर.

तुमच्या घरी येईन. आत्ता नाही. तुमच्या मंडळींना सांगा की जिना असता तरी आले असते.

एवढं लिहून झालं तेव्हा साडेचार वाजले होते. गच्चीवर चादर वाळत घातली होती ती काढून आणली. मोठी चादर आहे, पलंगाची. एकट्या माणसाला घडी घालायची तर दोन टोकं हनुवटीखाली धरावी लागतात आणि उरलेली दोन हात पसरून जुळवावी लागतात. पहिल्यांदा एक टोक सुटलं. पुन्हा धरलं. घडी घातली, हाताने सारखी केली आणि कपाटात ठेवली.